पडद्यावरचा सावकार आणि फळ्यावरचे व्याज

अर्थशास्त्र हा मोठ्या मुलांचा विषय आहे, अशी आपल्या शाळांची समजूत आहे. नववी-दहावीच्या पुस्तकांत तो थोडासा डोकावतो आणि पुढे कला किंवा वाणिज्य शाखा घेणाऱ्यांच्या वाट्याला येतो. प्रत्यक्षात सहावी-सातवीतले मूल रोज अर्थव्यवहारात वावरत असते. ‘वहीत मांडून ठेवा म्हणावं’ हा निरोप घेऊन किराणा दुकानात तेच जाते. सकाळी डेअरीवर दूध घालायला किटली घेऊन तेच धावते. कांद्याचा भाव पडला की सहलीचे पैसे मिळत नाहीत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला जे ठाऊक आहे त्याला शब्द आणि आकडे मिळवून देणे, एवढेच शाळेचे काम.

या कामासाठी दोन साधने हल्ली वारंवार सुचवली जातात. एक चित्रपट आणि दुसरे वर्गातील कृती, म्हणजे लुटुपुटूचा बाजार, सौद्याचे खेळ, हिशेबाचे तक्ते वगैरे. पाठांतरापेक्षा ही साधने केव्हाही बरी. परंतु ‘मुलांना मजा आली’ एवढ्यावर त्यांचे मूल्यमापन थांबते, हे आम्हाला खटकते. विज्ञानाचा प्रयोग झाल्यावर आपण विचारतो, की यातून काय सिद्ध झाले? काय सिद्ध झाले नाही? आणि काय सिद्ध झाले असे मुलांनी धरून घेतले? हेच तीन प्रश्न या साधनांना विचारून पाहू. त्यासाठी तीन भारतीय चित्रपट आणि शाळेत सहज करता येतील अशा काही कृती आम्ही निवडल्या आहेत.

भेळेचा नफा

सुरुवात सर्वांच्या परिचयाच्या कृतीपासून करू. अनेक शाळांत बालआनंद मेळावा किंवा आठवडे बाजार भरतो. मुले भेळ, भजी, लिंबाचे सरबत, घरची भाजी विकायला आणतात. पालक कौतुकाने विकत घेतात. दुपारपर्यंत माल संपतो आणि ‘विद्यार्थ्यांना व्यवहारज्ञान मिळाले’ अशी नोंद होते.

समजा एका मुलीने १० रुपयांना एक याप्रमाणे ४० प्लेट भेळ विकली. ४०० रुपये आले. चुरमुरे, फरसाण, कांदे, टोमॅटो यांना २२० रुपये लागले होते. म्हणजे १८० रुपये नफा. गुरुजी आकडा फळ्यावर लिहितात, टाळ्या पडतात.

आता त्याच फळ्यावर ‘न मोजलेला खर्च’ असा दुसरा रकाना आखावा. चटणीचा गूळ आणि चिंच घरातली होती. गॅस घरचा होता. टेबल शाळेचे, जागेला भाडे नाही. आणि पहाटे उठून कांदा चिरणे, चटणी वाटणे, बटाटे उकडणे या कामाचे तीन तास आईचे होते. गावात बाईमाणसाच्या रोजंदारीचा दर काय आहे, हे मुलांनीच विचारून यावे आणि त्या दराने तीन तासांची मजुरी काढावी. १८० रुपयांतले किती उरतात ते पाहावे. काही वेळा काहीच उरत नाही. मग शेवटचा प्रश्न विचारावा: हीच भेळ उद्या एसटी स्टँडवर, दुसऱ्या दोन गाड्यांच्या शेजारी विकली तर १० रुपयांना जाईल का?

मेळावा बंद करावा असे आम्ही म्हणत नाही. त्यातला खरा धडा दुसऱ्या दिवशीच्या तासाला आहे आणि नेमका तोच तास घेतला जात नाही. त्यामुळे ‘जे पैसे देऊन आणले नाही ते फुकट’ असा समज घेऊन मूल घरी जाते. शेतकऱ्याच्या घरातील माणसांचे श्रम पिकाच्या खर्चात धरायचे की नाहीत, हा वाद शेतमालाच्या हमीभावाच्या चर्चेत आजही चालू आहे. त्या वादाची पहिली पायरी भेळेच्या टेबलावर सापडते.

पासष्टचे दोनशे पस्तीस

बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ १९५३ सालचा. शंभू महातो या अल्पभूधारकाची दोन बिघे जमीन जमीनदाराला कारखान्यासाठी हवी आहे. शंभू नकार देतो, तेव्हा जमीनदार कर्ज ताबडतोब फेडण्यास सांगतो. शंभूच्या हिशेबाने देणे ६५ रुपये. बायकोच्या कानांतले दागिनेसुद्धा विकून तो पैसे उभे करतो. तिथे गेल्यावर कळते की वहीत २३५ रुपये आहेत. मुनिमाने कागद बनवलेले आहेत. शंभूने कर्जापोटी केलेल्या मजुरीची नोंद नाही आणि त्याच्याजवळ पावती नाही. प्रकरण न्यायालयात जाते आणि तीन महिन्यांत २३५ रुपये भरण्याचा हुकूम होतो. शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो, पण जमीन वाचत नाही.

बलराज साहनी यांचा शंभू पाहून सातवीचा वर्ग गप्प होतो. नंतर चर्चेत पुढे येणारे निष्कर्ष साधारण ठरलेले असतात: जमीनदार दुष्ट होता, मुनीम खोटारडा होता, शंभू अडाणी होता. तिन्ही गोष्टी चित्रपटात आहेतच. पावतीचे महत्त्व शिकवायला याहून चांगला प्रसंग मिळणे कठीण. इथे एक कृती जोडता येते. वर्गात जोड्या पाडाव्यात. एक सावकार, एक कूळ. पंधरा दिवस रोज एक छोटा व्यवहार करायचा, चार चिंचोके उसने, दोन परत, एक कामापोटी वळते. सावकाराने लिहायचे, कुळाने फक्त लक्षात ठेवायचे. सोळाव्या दिवशी दोघांचे आकडे पडताळायचे. कोणीही लबाडी न करता आकडे जुळत नाहीत, हे पाहून मुले चकित होतात.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी याचा थेट संबंध आहे. १८७५ च्या मे महिन्यात बारामतीजवळच्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात कर्जाचे दस्तऐवज नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची आणि ऋणकोला पावती व हिशेब देण्याची तरतूद होती. नागरिकशास्त्राचा आणि इतिहासाचा तास इथे आपोआप एक होतो.

परंतु चित्रपटाची मर्यादाही इथेच आहे. शंभूचे कर्ज फुगते ते खोट्या नोंदीमुळे. त्यामुळे मुलांच्या मनात बसते की कर्ज वाढते ते कोणीतरी फसवल्यामुळे. फळ्यावर हिशेब मांडून पाहू. मुद्दल ६५ रुपये, व्याज दरमहा शेकडा दोन रुपये, थकलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात धरले जाते. एका वर्षाने देणे सुमारे ८२ रुपये होते. दोन वर्षांनी १०५, तीन वर्षांनी १३३, चार वर्षांनी १६८, पाच वर्षांनी २१३. आणि बरोबर पासष्ट महिन्यांनी ते २३५ रुपयांच्या थोडे पुढे जाते! मुनीम नाही, खोटा कागद नाही, एकही चुकीची नोंद नाही. याच दराने सरळव्याज धरले असते तर पासष्ट महिन्यांनी १४९ रुपये ५० पैसे झाले असते. दोन आकड्यांतला फरक हा व्याजावरच्या व्याजाचा.

हा तक्ता मुलांनी स्वतः करावा, गणकयंत्रावर केला तरी चालेल, आणि त्याचा आलेखही काढावा. चक्रवाढ व्याजाचे सूत्र पुढे गणितात येतेच. इथे ते कशासाठी आहे ते कळते. जिवाणूंच्या वाढीचा आणि लोकसंख्येच्या वाढीचा आलेखही असाच वर वळतो, हे विज्ञान शिक्षकांनी जरूर दाखवावे.

हिशेबाचा आग्रह धरण्याचे कारण असे, की वर्गात कर्जबाजारी घरातले मूल बसलेले असते. उधारीचे दुकान चालवणाऱ्याचे मूलही त्याच बाकावर असते. कर्ज म्हणजे फसवणूक, एवढेच चित्रपटातून शिकले तर पहिल्या मुलाने आपल्या बापाला भोळा समजायचे आणि दुसऱ्याने आपल्या बापाला चोर समजायचे, असे होईल. शिवाय बँकेचे, पतपेढीचे किंवा बचत गटाचे कर्ज थकले म्हणजे तिथे मुनीम नसतो, तरी आकडा वाढतो. त्या मुलाला पुढील आयुष्यात विचारता यायला हवे, की दर महिन्याचा की वर्षाचा? सरळ की चक्रवाढ? हप्ता चुकला तर काय? शंभूच्या डोळ्यांतले पाणी हा प्रश्न विचारायला शिकवत नाही. तक्ता शिकवतो. उलट, नुसता तक्ता शिकवला तर ६५ रुपये हे आकडेच राहतात, त्यांच्यापायी कानातले विकले जाते हे कळत नाही.

एकच गिऱ्हाईक

कर्ज आणि बाजार यांची सांगड शालेय पुस्तकात फार चांगली घातली गेली होती, ती एनसीईआरटीच्या २००७ सालच्या सातवीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात. त्यात एका शर्टाचा प्रवास होता. कुर्नूलची स्वप्ना नावाची लहान शेतकरीण व्यापाऱ्याकडून बी-बियाण्यासाठी कर्ज घेते आणि त्या बदल्यात सारा कापूस त्यालाच विकण्याचे कबूल करते. म्हणजे कर्ज देणारा आणि माल घेणारा एकच. अशा वेळी भाव कसा ठरतो?

श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ (१९७६) या चित्रपटाचा गाभा हाच प्रश्न आहे. गुजरातेतल्या एका गावात दूध विकत घेणारा एकच खासगी डेअरीवाला आहे, मिश्रा. डॉ. राव हा पशुवैद्य तिथे सहकारी संस्था उभी करायला येतो. मिश्राचा विरोध, सरपंचाचा अहंकार, दलित वस्तीचा अविश्वास या सर्वांतून संस्था उभी राहते, डगमगते, आणि डॉ. रावची बदली झाल्यावर गावातला भोला ती पुढे नेतो. पटकथा विजय तेंडुलकरांची. चित्रपटाला पैसे दिले ते गुजरातेतल्या ५ लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये. एवढी एक गोष्ट सांगितली तरी वर्गात तोंडी गुणाकार होतो आणि ‘दोन रुपयांत काय होते’ या म्हणण्याला उत्तर मिळते. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

अभिनय आणि गावाचे चित्रण या दृष्टीने ‘मंथन’ फार वरच्या दर्जाचा आहे. अर्थशास्त्राचा पाठ म्हणून मात्र त्यात एक मोठी पोकळी आहे. मिश्रा कमी भाव देतो, कारण तो मिश्रा आहे! अमरीश पुरींनी तो इतका प्रभावी उभा केला आहे, की त्याच्या जागी सज्जन माणूस असता तर भाव चांगला मिळाला असता, असे मुलांना वाटते. हे खरे आहे का? खेळून पाहू.

हार्वर्डचे एडवर्ड चेंबरलिन यांनी १९४८ साली आपला वर्गातील बाजाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचे विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ पासून तो सुधारून घेतला. स्मिथ यांनी दोन बदल केले. भाव सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने पुकारायचा आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. या प्रकारच्या कामासाठी त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. साहित्य म्हणाल तर पुठ्ठ्याचे वीस तुकडे.

दहा मुले दूध विकणारी. प्रत्येकाच्या कार्डावर एक लिटरचा खर्च लिहिलेला: १०, १२, १४ असे दोन-दोनने वाढत २८ रुपयांपर्यंत. त्याहून कमी भावात विकायचे नाही. दहा मुले घेणारी. त्यांच्या कार्डावर जास्तीत जास्त परवडणारा भाव: ३०, २८, २६ असे उतरत १२ पर्यंत. त्याहून जास्त द्यायचे नाहीत. प्रत्येकाला एकच लिटर विकायचे किंवा घ्यायचे आहे. कार्ड कोणाला दाखवायचे नाही. भाव पुकारायचे, सौदा ठरला की शिक्षकांनी फळ्यावर लिहायचा. पाच मिनिटांनी बाजार बंद, पुन्हा सुरू. पहिल्या फेरीत भाव १४ ते २६ कुठेही असतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ते २० च्या आसपास येऊन ठेपतात आणि पाच-सहा सौदे होतात. कोणी भाव ठरवून दिला नसताना तो ठरतो, हे पाहणे मुलांना जादूसारखे वाटते.

आता दुसरा डाव. घेणारी मुले बसवा. एकच व्यापारी ठेवा. त्याला शहरात एका लिटरचे २३ रुपये मिळतात आणि वाहतुकीला ३ रुपये लागतात, म्हणजे हातात २० पडतात. त्याने एकच भाव पुकारायचा, त्या भावात ज्याला परवडेल त्याने दूध घालायचे. व्यापारी अगदी सरळ माणूस आहे. मापात पाप करीत नाही, फक्त स्वतःचा नफा पाहतो. त्याने कोणता भाव द्यावा? मुलांना करून पाहू द्या. २० दिले तर नफा शून्य. १८ दिले तर पाचजण दूध घालतील, नफा पाच गुणिले दोन म्हणजे १० रुपये. १६ ला चारजण, नफा १६. १४ ला तिघे, नफा १८. १२ ला दोघे, नफा पुन्हा १६. म्हणजे तो १४ वर थांबेल. भाव २० वरून १४ वर आला, आणि कोणीही दुष्टपणा केला नाही!

इथेच थांबू नये. भाव २० असता तर विकणाऱ्यांना खर्च वजा जाता एकूण ३० रुपये सुटले असते. आता भाव १४ आहे. विकणाऱ्यांना ६ रुपये सुटतात, व्यापाऱ्याला १८. बेरीज २४. बाकीचे ६ रुपये कोणी खाल्ले? कोणीच नाही. १६ आणि १८ च्या कार्डवाल्यांनी दूध घातलेच नाही. त्यांचे चार आणि दोन रुपये निर्माणच झाले नाहीत. एकाच गिऱ्हाइकाच्या हाती बाजार असला म्हणजे गावाचे नुकसान व्यापाऱ्याच्या फायद्याहून मोठे असते, हे सहा रुपयांत कळते.

तिसऱ्या डावात विकणाऱ्यांनी संस्था काढावी. वाहतूक त्यांनीच करायची, हिशेब ठेवणाऱ्याला लिटरमागे एक रुपया द्यायचा. भाव १९ मिळतो, पाचजण दूध घालतात. व्यापारी गेला तरी वाहतुकीचे तीन रुपये आणि हिशेबाचा एक रुपया गेला नाही, हे मुलांच्या नजरेस आणावे. ‘मधला माणूस काढून टाका’ म्हणणे सोपे. त्याचे काम कोणीतरी करावेच लागते.

‘मंथन’मध्ये न आलेला भागही इथे सांगावा. चित्रपटामागची प्रेरणा म्हणजे खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, ज्याचे ‘अमूल’ हे नाव घरोघरी पोहोचले. तो १९४६ च्या डिसेंबरात नोंदला गेला. हिवाळ्यात दूध फार आणि उन्हाळ्यात कमी, ही त्याची मोठी अडचण होती. हिवाळ्यातले जादा दूध घ्यायला गिऱ्हाईक नसेल तर सहकारही भाव टिकवू शकत नाही. १९५५ साली आणंदला दुधाची भुकटी करणारा कारखाना सुरू झाला आणि ही कोंडी फुटली. म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे तंत्र एच. एम. दलाया यांनी बसवले. त्रिभुवनदास पटेल, वर्गीस कुरियन आणि दलाया या तिघांची नावे एकत्र घ्यायला हवीत. म्हणजे संघटना, व्यवस्थापन आणि तंत्र यांपैकी एकावरच ही इमारत उभी नाही, हे ध्यानात येते. चित्रपटाची कथा गावातच राहते, त्यामुळे कारखाना पडद्याबाहेर राहिला आहे.

मग चित्रपटाची गरज काय, खेळच पुरे, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. खेळात १४ चे कार्ड असणारी मुलगी आणि १० चे कार्ड असणारा मुलगा शेजारी उभे राहतात. मंथनच्या गावात दलित दूधवाला आणि सरपंच एका रांगेत उभे राहण्यापाशीच घोडे अडते. प्रत्येक सभासदाला एक मत, म्हशी कितीही असोत, या नियमाने सरपंच निवडणूक हरतो आणि वाद चिघळतो. तिसऱ्या डावात आपण ‘संस्था काढा’ म्हणतो आणि मुले अर्ध्या मिनिटात काढतात. ते अर्धे मिनिट प्रत्यक्षात किती वर्षांचे असते, हे चित्रपटच सांगू शकतो. आणि पहिल्या डावाचेही असेच. बाजार छान चालला असे आपण म्हणतो, पण १२ चे कार्ड हाती असलेले मूल प्रत्येक फेरीत दुधाविना परत गेलेले असते. त्याला दूध नको होते असे नाही. त्या मुलाला उभे करून ‘तुला काय वाटले?’ एवढे तरी विचारावे.

मोजल्याशिवाय भाव नाही

विज्ञान शिक्षकांसाठी या विषयात एक खास जागा आहे. दूध लिटरवर विकले जात असेल तर पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि चांगले दूध घालणाऱ्याचा तोटा होतो. हळूहळू चांगला माल बाजारातून हटतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून ही गोष्ट मांडली. त्याच लेखात त्यांनी बाजारातल्या तांदळातून खडे निवडणाऱ्या भारतीय गृहिणीचेही उदाहरण दिले आहे. खडे निवडण्याचा वेळ हीसुद्धा अविश्वासाची किंमत आहे. पुन्हा आईचे न मोजलेले तास!

यावर उपाय म्हणजे दोघांनाही मान्य होईल असे मोजमाप. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत काढली आणि तिचे पेटंट घेतले नाही. आपल्याकडे गर्बर पद्धत रूढ झाली. तीव्र गंधकाम्लाने दुधातील इतर घटक विरघळवून नळी गरगर फिरवली की स्निग्धांश वर जमा होतो आणि तो खुणांवर वाचता येतो. हा प्रयोग आम्लामुळे वर्गात करू नये. संकलन केंद्रावर नेऊन दाखवावा. आता बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत. फॅट आणि एसएनएफ यांवर दुधाचा पगार कसा निघतो, ते मुलांनी घरच्या पावतीवरून काढावे.

वर्गात लॅक्टोमीटर मात्र वापरता येतो. प्रथम चांगल्या दुधात बुडवून आकडा घ्यावा. पाणी घातले की आकडा उतरतो, साय काढली की चढतो. आता साय काढून बेताने पाणी घालावे. आकडा पुन्हा पूर्वीच्या जागी येतो! म्हणजे एकाच मोजमापावर विसंबणारा फसतो. भाव कशावर ठरवला आहे त्यावर लोक कशात लबाडी करतील हे ठरते, हा अर्थशास्त्रातला महत्त्वाचा विचार घनतेच्या प्रयोगातून सातवीला कळू शकतो.

किंमत आणि मोल

शेवटचा चित्रपट मराठी, मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८). लहानग्या टिंग्याचा लाडका बैल चितंग्या बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून जायबंदी होतो. पेरणी तोंडावर आहे, घरात पैसा नाही. चितंग्याला विकल्याशिवाय दुसरा बैल येणार नाही आणि लंगड्या बैलाला खाटकाशिवाय गिऱ्हाईक नाही. शेजारची आजारी आजी उपयोगाची राहिली नाही म्हणून तिला कोणी विकत नाही, मग चितंग्याला का, असा टिंग्याचा प्रश्न आहे.

यावर ‘कुटुंबाचे अंदाजपत्रक’ ही कृती घेता येते. गटांना ठरावीक रक्कम द्यायची. कडबा, बियाणे, औषध, भाड्याची बैलजोडी यांचे गावातले दर मुलांनीच आणायचे आणि निर्णय घ्यायचा. एका गोष्टीवर पैसे घातले की दुसरी सोडावी लागते, हे त्यातून कळते. बैल हे भांडवल असते आणि ते मोडले की हंगामच हातचा जातो, हेही कळते. पण गट पाच मिनिटांत ‘बैल विकावा’ असे सांगून मोकळे होतात. कार्डावर बैल ही एक ओळ असते. चित्रपटात बापही रडकुंडीला आलेला असतो आणि तरी दुसरा मार्ग सापडत नाही.

इथे चित्रपट कृतीच्या पुढे जातो. टिंग्याच्या प्रश्नाला अर्थशास्त्रात सरळ उत्तर नाही. कोणत्या गोष्टी विकायच्या नाहीत, हे समाज ठरवतो. मात्र बापाला हा निर्णय का घ्यावा लागला, याची उत्तरे शोधता येतात. जनावराचा विमा, पेरणीपूर्वी मिळणारे कर्ज, गावात भाड्याने मिळणारी अवजारे यांपैकी एखादी सोय असती तर काय झाले असते? प्रत्येक गटाने एक सोय घेऊन अंदाजपत्रक पुन्हा मांडावे. म्हणजे रडून मोकळे होण्याऐवजी मुले विचार करू लागतात.

शिक्षकांसाठी

यातून काही व्यावहारिक सूचना निघतात. पूर्ण चित्रपट एका तासात बसत नाही आणि ‘मंथन’मधील काही प्रसंग या वयाला योग्य नाहीत. म्हणून दहा-पंधरा मिनिटांचा भाग निवडावा आणि शिक्षकांनी तो आधी पाहावा. चित्रपट संपताच ‘काय बोध घेतला?’ हे विचारू नये. ‘इथे किती रुपयांची गोष्ट चालली आहे?’ हे विचारावे. पात्राच्या जागी भला माणूस ठेवला तर काय बदलेल आणि काय बदलणार नाही, हा दुसरा प्रश्न. कृतीनंतर विचारायचे ते वेगळे: या खेळात कोण रिकाम्या हाताने गेले, आणि आपण कोणाचे श्रम मोजले नाहीत? घरच्या कर्जाची माहिती वर्गात कोणालाही उघडपणे विचारू नये. आकडे नेहमी काल्पनिक घ्यावेत.

हे सगळे करायला दोन महिन्यांत सहा-सात तास पुरतात. गणित, विज्ञान आणि इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी ते वाटून घेतले तर वेळापत्रकात वेगळा विषय घुसवावा लागत नाही. शंभूचे ६५ रुपये गणिताच्या तासाला, लॅक्टोमीटर विज्ञानाच्या आणि सुप्याचे रोखे इतिहासाच्या तासाला, अशी सोपी वाटणी आहे. वीस पुठ्ठ्यांची कार्डे कापायला मात्र आदल्या दिवशीची मधली सुट्टी लागेल.